सकाळची शांत, सजग दिनचर्या कशी बसवावी?

पहाटे पाचचा हट्ट आधी सोडा. उठायची वेळ रोज एकच ठेवली तरी पुरे. जाग आल्यावर पहिल्या 30 ते 45 मिनिटांत कॉर्टिसॉल हे हार्मोन आपोआप वाढतं, शरीर जागं होत असतं. नेमका तेव्हाच मोबाइल हातात घेतला की दुसऱ्यांची घाई आपल्या डोक्यात शिरते. मी फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावतो. गजराला साधं घड्याळ. उठल्यावर दहा मिनिटं खिडकीशी उजेडात उभं राहायचं, कारण शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडावरच लागतं. तोंड धुताना पाण्याचा गारवा, टॉवेलचा खरखरीतपणा, एवढ्याकडेच लक्ष. मन भरकटणारच (माझं तर दात घासतानाच ऑफिसात पोचतं), परत आणायचं. ध्यानाची अ‍ॅप्स वगैरे नंतर बघा. आणि हो, रात्री एकपर्यंत जागत असाल तर आधी ते सावरा.