गरोदरपणात तूप खाल्लं नाही म्हणून मूल ऑटिस्टिक होतं का? मेंदूच्या मूळपेशींचा आणि चरबीचा काय संबंध आहे?

नाही, होत नाही. तुम्ही लिहिलंय की भावजयीच्या मुलाला ऑटिझम असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, आणि घरातले सगळे तिलाच बोल लावतात की दिवस असताना तूप-तेल सोडलंस म्हणून हे झालं. वर चरबी आणि मूळपेशींची बातमी कुणीतरी फोनवर पाठवली, आणि आता सगळ्यांना वाटतंय की विज्ञानानंही तेच सांगितलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या धाकट्या बहिणीनं हेच सगळं भोगलंय, म्हणून लिहायला बसले.

बहीण यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात दिली आहे. तान्ह्या पोळ्याला मी तिच्याकडे होते. गावातली लेकरं लाकडी नंदी घेऊन, सजून-धजून घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागत फिरत होती. आमचा भाचा ओसरीवर आडवा पडून नंदीचं चाक बोटानं फिरवत होता. दारात पोरं आली, गेली, त्यानं मान वर केली नाही. बाजेवर तिचे चुलत सासरे बसले होते, आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. ते मला म्हणाले, "पोट्टं असं काऊन झालं सांगू काय, बाई? हिनं दिवस असताना तुपाले हात नाई लावला. मेंदू वाळला लेकराचा."

बहीण आत पुरण वाटत होती. तिनं ऐकलं. तिला सातव्या महिन्यापर्यंत उलट्या होत होत्या, तुपाच्या वासानंच पोटात ढवळायचं, हे त्या घरात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी तिथंच बोलले, आणि जे बोलले तेच तुम्हाला सांगते. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका प्रयोगशाळेनं 2016 साली उंदरांवर काम करून दाखवलं की वाढत्या गर्भाच्या मेंदूतल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे चेतापेशी तयार होतात त्या, लांब साखळीची चरबी जाळून ऊर्जा मिळवतात, आणि त्यांची संख्या टिकायला ते जळण लागतं. मूळपेशी दुभंगली की साधारणपणे एक मूळपेशीच राहते, दुसरी पुढे चेतापेशी होण्याच्या वाटेला लागते. चरबी जाळण्याचं काम अडलं की दोन्हीही त्या वाटेला लागण्याचं प्रमाण वाढतं आणि मूळपेशींचा साठा वेळेआधी कमी होतो. आता ही चरबी तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्टीत, न्यायला कार्निटीन नावाचा रेणू लागतो, तो शरीर स्वतः बनवतं, आणि तो बनवायच्या पहिल्या पायरीचं जनुक, टीएमएलएचई, एक्स गुणसूत्रावर असतं. त्या जनुकात दोष असला की शरीराचं कार्निटीन बनवणं अडतं, आणि या दोषाचा ऑटिझमशी संबंध जोडला गेलाय. मी काकाजींना म्हटलं, कापसाची गंजी अंगणात पडली आहे, पण ती न्यायला बैलबंडीच नाही, तर जिनिंग चालणार कसं? गंजी आणखी मोठी करून काय होणार?

म्हणजे प्रश्न आईच्या ताटातल्या चरबीचा नाहीच, पेशीच्या आत ती नेऊन जाळण्याचा आहे. आणि कार्निटीन पाण्यात विरघळणारं असतं, ते मिळतं मटणातून, थोडं दुधातून. तुपात ते नसल्यासारखंच. त्यामुळे ज्या बातमीच्या जोरावर तुमच्या घरात तूप-तूप चाललंय, तीच बातमी तुपाच्या विरोधात जाते.

काकाजी म्हणाले, "तुमची पुस्तकं राहू द्या. आमच्या मायनं आठ लेकरं तुपावर वाढवले." त्यांची माय लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या घरात तूप सणावाराला दिसायचं. मी हेही बोलून दाखवलं. ते उठून गेले, तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

एक्स गुणसूत्र मुलग्याला आईकडूनच मिळतं, हे ऐकून आता कुणी म्हणेल, बघा, शेवटी आईच. तर त्यांना सांगा की 2012 च्या अभ्यासात ऑटिझम नसलेल्या साधारण 350 पुरुषांमागे एकात या जनुकाचा तुकडा गळालेला सापडला. असा दोष असलेल्यांपैकी जेमतेम 2 ते 4 टक्क्यांना ऑटिझम होतो, असा त्या संशोधकांचा अंदाज होता. धोका थोडा वाढवणाऱ्या अनेक कारणांपैकी हे एक. आईला दोषी धरायची खोड काही आपल्याकडचीच नाही. 1943 मध्ये अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं पहिलं नेमकं वर्णन केलं आणि पुढची दोनेक दशकं तिकडचे नामांकित डॉक्टरही म्हणत राहिले की आई थंड स्वभावाची म्हणून मूल असं. 1977 साली फोल्स्टाइन आणि रटर या संशोधकांनी जुळ्या मुलांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, वेगळ्या जुळ्यांच्या 10 जोड्यांत एकीतही नाही. प्रत्येक जोडीतल्या दोघांची आई, पोट आणि ताट एकच होतं, दोन प्रकारच्या जुळ्यांत फरक होता तो जनुकांचा.

उपचाराचं विचारलंय, तर हे वाचून कार्निटीनची पावडर मागवू नका. उंदरांच्या पेशींत जे जमलं, ते तीन-चार वर्षांच्या मुलाला बरं करणारं औषध होत नाही. रक्तात कार्निटीन खरंच कमी आहे का, हे बालरोगतज्ज्ञ तपासून सांगू शकतात, तेवढं विचारा. गरोदरपणात खाण्याला काही अर्थ नाही, असंही मी म्हणत नाही, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घ्यायच्याच. आणि फिट्सच्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएटनं बाळाला ऑटिझमचा धोका वाढतो, म्हणून ते चालू असलेल्या बाईनं दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. मनानं मात्र बंद करू नये. मुलासाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) जा, स्पीच थेरपी लवकर सुरू करा, दिव्यांग प्रमाणपत्र काढा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि केंद्र सरकारच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

आणि हे उत्तर भावजयीला दाखवण्याआधी तुमच्या भावाला वाचायला द्या. माझ्या बहिणीचा नवरा त्या दिवशी अंगणातच होता. सगळं ऐकत होता, एक शब्द बोलला नाही. आजही मला काकाजींपेक्षा त्याचा राग जास्त येतो. चुलत सासऱ्यांशी भांडायला बहिणीची बहीण लागावी, हे त्या घराला शोभत नाही. तुमच्या घरात हे तुमच्या भावानं बोलायला हवं, वडीलधाऱ्यांच्या तोंडावर आणि तिच्यासमोर.