‘ट्रॅप’नं तेल अडवलं का?

प्रश्न : सह्याद्रीच्या काळ्या दगडाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात आणि तेलवाले ‘ऑइल ट्रॅप’ म्हणतात. मग मुंबई हायचं तेल आपल्याच कातळानं समुद्राखाली अडवलंय का? आणि तेल पाण्याहून हलकं, तर ते आपोआप वर का येत नाही?
– एक वाचक, उरण

उत्तर : नावानं तुम्हाला चकवलं. कॉलेजात मलाही चकवलं होतं. आपला ‘ट्रॅप’ स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आलाय. घाटातले कडे बघा, पायऱ्याच दिसतील. सापळ्याशी त्याचा संबंध नाही. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हायला, तो कातळ तेलाच्या खाली आहे. झाकण त्याच्याही वर, वेगळ्याच दगडाचं.

‘हाय’ म्हणजे गाडला गेलेला उंचवटा. त्याच्या आजूबाजूच्या खोलगट भागात जुना, सेंद्रिय गाळानं भरलेला शेल, म्हणजे बारीक गाळ दबून झालेला दगड, आहे. तो खोल गाडला जाऊन तापला आणि त्यातून तेल सुटलं. हलकं असल्यानं ते वर निघालंच होतं, म्हणजे तुमचं बरोबर आहे. वाटेत मायोसीन काळातली, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची, चुनखडी लागली. समुद्र मागे हटला असताना पावसाच्या पाण्यानं ती विरघळून सच्छिद्र झाली होती. तिच्यावर मात्र बारीक कणांचा शेल. त्याचीही छिद्रं पाण्यानं भरलेली, पण इतकी सूक्ष्म की तेलाला ते पाणी ढकलून आत शिरता येत नाही.

परात पालथी करून पाण्यात धरा आणि खालून बुडबुडे सोडा. ते परातीखाली जमतात. काठापर्यंत भरली की उरलेले निसटतात. इथेही तसंच : माथ्याला वायू, मग तेल, खाली पाणी. परात वेळेत तयार हवी, एवढंच. तेल निघून गेल्यावर बनलेले, नकाशावर देखणे दिसणारे उंचवटे मी कोरडे निघालेले पाहिलेत.

‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगला १९७४च्या फेब्रुवारीत इथे तेल लागलं. मी रिगवर गेलो तो बऱ्याच वर्षांनी. खोदताना विहिरीत फिरवलेल्या चिखलाबरोबर वर आलेला दगडाचा चुरा धुवायचा, त्यावर आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसला की चुनखडी. मग अंधाऱ्या पेटीत, अतिनील दिव्याखाली. तेल असेल तर पिवळसर चमक दिसते. पाइपांच्या आट्यांना लावलेलं ग्रीसही चमकतं, हे मला पहिल्या महिन्यात ठाऊक नव्हतं. रात्री तीनला मी ड्रिलरला उठवलं. त्यानं चुरा पाहिला, काही न बोलता दोन चहा मागवले.

तुमची शंका मात्र अगदीच वाया नाही. तळाच्या कठीण खडकाला जिथे भेगा आहेत तिथेही तेल शिरलंय आणि काही विहिरी तिथूनच ते काढतात. पण तिथेही तो खडक तेलाला अडवत नाही, भेगांमध्ये जागा देतो.