पुण्यात रोज सायकलने ऑफिसला जायचं आहे, पण गाड्यांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी? हेल्मेट कोणतं घेऊ?

कडेकडेने चालवू नका. बाकी सगळं नंतर.

मी १६ वर्षं कोथरूडहून शिवाजीनगरला सायकलने कामाला जातेय. सुरुवातीला दादाचं ऐकलं. तो स्कूटरवाला, त्याचं एकच पालुपद: "कडेला चिकटून जा, गाड्या आपल्या निघून जातात." गेले चिकटून. कर्वे रोडला नळ स्टॉपच्या अलीकडे एक मोटार उभी होती. मी तिच्या अगदी शेजारून निघाले आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार धाडकन उघडलं. दाराची कड थेट डाव्या मुठीवर. सायकल तिथेच, मी पुढे. डब्यातली आमटी रस्त्यावर सांडलेली, दोन बांगड्या फुटून मनगटात रुतलेल्या. मागच्या बसचे ब्रेक करकचून लागले, तो आवाज अजून कानात आहे.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "तरी सांगत होतो, अजून कडेने जायचंस." अजून कडेने कुठे जायचं? कडेलाच तर ती गाडी उभी होती!

तेव्हापासून उभ्या गाडीपासून चांगलं मीटरभर लांब चालवते, सरळ रेषेत. मध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत-बाहेर करत नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं, घात होतो तो न पाहणाऱ्याकडून. तुम्ही कडेला सरकलात की मागच्याला वाटतं जागा आहे, आणि तो घासून जातो. शिवाय खडी, चेंबरची झाकणं, थांबलेल्या रिक्षा, सगळं कडेलाच.

सिग्नलला बसच्या डावीकडून मात्र कधीही पुढे घुसू नका. बस डावीकडे वळली की मागचं चाक आत कापत येतं आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही.

हेल्मेट डोक्यावर न हलणारं घ्या, पट्टा घट्ट लावा. मागचा लाल दिवा तितकाच गरजेचा. ओढणी असेल तर गाठ मारा. पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक दाबू नका.

हे सगळं शहरातल्या रस्त्यांपुरतं हं. हायवेवर, नवले पुलाच्या उताराला सायकल घालूच नका. आणि पहिला महिना कर्वे रोडही नको, प्रभात रोडच्या गल्ल्यांतून जा.

दादाची लेक आता कॉलेजला सायकलने जाणार आहे, आणि तो तिलाही तेच कडेचं सांगतोय. रविवारी सकाळी मी तिला बरोबर घेऊन निघणार आहे. ती पुढे, मी मागे.