जुन्या तोफा आणि त्यांचे लाकडी गाडे बार उडताना मोडत कसे नसत?

ज्या दारूच्या जोरावर किल्ल्याची भिंत ढासळते, ती पेटल्यावर तोफ स्वतःच का फुटत नसे आणि खालच्या लाकडी गाड्याचे तुकडे का होत नसत, असे आपण विचारले आहे. तोफा फुटतही असत. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० साली रॉक्सबरोच्या वेढ्यात आपल्याच तोफेच्या स्फोटात मेला.

नळीचे उत्तर तिच्या आकारातच आहे. दारू पेटताच सर्वांत जास्त दाब कान्यापाशी, म्हणजे बंद टोकाकडे येतो आणि गोळा मोहरीकडे, म्हणजे तोफेच्या तोंडाकडे सरकू लागला की वायूला जागा मिळून दाब झपाट्याने उतरतो, म्हणून तोफ मागे जाड आणि पुढे निमुळती असते. शिवाय ओतताना साचा बहुधा बंद टोक खाली ठेवून उभा करीत, त्यामुळे वरच्या धातूच्या भाराने खालचा भाग घट्ट होई आणि वर साचलेला सच्छिद्र धातू कापून टाकता येई. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची तोफ काही इशारा न देता फुटे. काशाची महाग, पण बहुधा आधी फुगून किंवा चिरून गोलंदाजाला इशारा देई.

गाड्याबाबत मात्र प्रश्नच थोडा उलटा आहे, कारण गाडा धक्का अंगावर झेलून उभा राहत नसे, तो मागे पळत असे. साडेपाच किलोचा गोळा सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटला आणि तोफ-गाड्याचे वजन मिळून दीड टन असले, तर वायूचा जोर बाजूला ठेवून गाड्याला मिळणारा वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाएवढाच येतो. गोळ्याची ऊर्जा ४४० किलोज्यूल, तर गाड्याची जेमतेम दीड-पावणेदोन किलोज्यूल! तीही चाके फिरण्यात आणि गाड्याची शेपटी जमिनीवर घासण्यात जिरून जाई, आणि मग गोलंदाज गाडा ढकलून पुन्हा जागेवर आणीत. तोच गाडा मागे भिंतीला टेकवून बार काढला असता, तर लाकूड टिकले नसते.

लाकूडही साधेसुधे नव्हे. लहानपणी हडपसरच्या बाजूला एका लोहाराला बैलगाडीच्या चाकावर तापवून लाल केलेली धाव, म्हणजे लोखंडी कडे, चढवताना मी पाहिले आहे. पाणी ओतताच ती चर्र करीत आवळली आणि आरे मधल्या तुंब्यात कचकन घट्ट बसले. तोफेच्या चाकांचे मर्मही तेच आहे. धक्का मात्र आधी नळीच्या दोन्ही अंगांच्या आडव्या खुंटांवर येई आणि तेथून गाड्याच्या जाड फळ्यांत उतरे.

खरा धोका मोहरी फार वर उचलली की असे, कारण तेव्हा धक्का मागे न जाता खाली आसावर बसतो. उंच कोनात मारा करणाऱ्या उखळी तोफांना म्हणूनच बहुधा चाके नसत. त्या जाड ओंडक्यांच्या बैठकीवर थेट जमिनीवर बसवीत.