‘तारण झालं का?’ : पतसंस्थेतलं आणि प्रार्थनेतलं

शिरपूरच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ते पतसंस्थेत कर्ज विभागात आहेत. नंदुरबारजवळ एका सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेले होते. घर ख्रिस्ती, इव्हेंजेलिकल मंडळीतलं. निघताना सहकाऱ्याच्या आजीने त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, “भाऊ, तुमचं तारण झालं का?” यांचा दिवस सोनेतारणाच्या पावत्यांत जातो, त्यामुळे अर्थ लागायला वेळ लागला. आता ते विचारतात, आमचं तारण आणि आजींचं तारण हा एकच शब्द की उच्चाराने जुळलेले दोन? आणि ‘तारण झालं’ हा प्रयोग मराठीला धरून आहे का?

शब्द एकच. प्रयोगही अस्सल मराठी.

मुळात संस्कृतचा ‘तॄ’ धातू, अर्थ पार होणे, ओलांडून जाणे. त्याचं गोत आपल्याकडे केवढं पसरलंय बघा. तापीचं पाणी ओसरलं, पायी पलीकडे जाता येऊ लागलं की आपण म्हणतो नदीला उतार पडला. नावेतून, एसटीतून जाणारे ते उतारू. घाटावरचं तीर्थ, तरणोपाय, निस्तरणं, अवतार, सगळी याच घरची लेकरं. तरणे म्हणजे आपण पार होणे आणि तारणे म्हणजे दुसऱ्याला पार नेणे. मरणे-मारणे, पडणे-पाडणे, तसंच तरणे-तारणे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीत हेच प्रयोजक क्रियापद आहे.

मग गहाण ठेवलेल्या पाटल्यांना तारण का म्हणायचं? त्याचं उत्तर तुमच्याच कचेरीत आहे. कर्ज फिटलं नाही तर आपण काय म्हणतो? बुडालं. बुडीत कर्ज, पैसे बुडवले, बुडव्या माणूस. मराठीने उधारीला पाण्याच्या भाषेत बांधून टाकलंय. जे बुडू शकतं त्याला तारणारी वस्तू ती तारण. बाजार समितीची शेतमाल तारण योजना घ्या. कृषी पणन मंडळाने ती 1990-91 मध्ये सुरू केली. भाव पडलेले असताना मका गोदामात ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचं. इथे तर दोघंही तरतात, समितीचे पैसे आणि पडत्या भावात माल विकायची पाळी आलेला शेतकरी.

आजींच्या तारणातही कुणीतरी बुडत होतं आणि कुणीतरी पार नेलं, एवढंच आहे. पण त्यांच्या मंडळीची सगळी श्रद्धा या एका शब्दाभोवती गुंफलेली आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

(‘मंडळी’ हाही लक्षात ठेवण्यासारखा शब्द. प्रोटेस्टंट मराठीत चर्च म्हणजे आधी माणसं, मग इमारत. म्हणून ‘आमची मंडळी’.)

या मंडळ्यांचं म्हणणं असं की माणूस पापात बुडालेला आहे आणि स्वतःच्या पुण्याईने तो काठाला लागत नाही. येशूने वधस्तंभावर त्याच्या पापाचं मोल भरलं. त्यावर विश्वास ठेवला की देवाच्या कृपेने तारण होतं. ते कमवायचं नसतं, ते दान आहे. आता क्रियापद पाहा. तारण ‘मिळवलं’, ‘साधलं’, ‘कमावलं’ असं मी कुणा विश्वासणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. ‘माझं तारण झालं’. करणारा दुसरा, माझ्या वाट्याला फक्त षष्ठी. साक्रीकडच्या एका सभेत एक म्हातारे शेतकरी अहिराणीत साक्ष द्यायला उभे राहिले होते. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली, आणि पहिलंच वाक्य, “मन्हं तारण व्हयनं.” पुढे त्यांनी साल सांगितलं, कुठल्या शेताच्या बांधावर प्रार्थना केली तो बांध सांगितला. त्या वाक्यात ‘मी’ कर्ता म्हणून कुठेच नव्हता, आणि त्यांना तो नकोच होता. मराठी बायबलमध्ये इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही ‘तारण झालेले आहे’ असंच येतं.

साल आणि बांध यांनाही अर्थ आहे. इव्हेंजेलिकल माणसाला ‘तारण कधी झालं’ हे विचारता येतं, कारण त्यांच्या लेखी ख्रिस्ती घरात जन्मणं पुरेसं नाही. ज्याने त्याने स्वतः पश्चात्ताप करून विश्वास ठेवायचा, त्याला ‘नवा जन्म’ म्हणतात. म्हणूनच ‘लहानपणापासून मंडळीत होतो, पण तारण कॉलेजात झालं’ हे वाक्य त्या घरांत अगदी सहज बोललं जातं. बाप्तिस्मा त्यानंतर, पुष्कळ मंडळ्यांत पूर्ण पाण्यात बुडवून. पण त्या पाण्याने तारण होतं असं त्या मंडळ्या मानत नाहीत. झालेल्या तारणाची ती चारचौघांतली साक्ष.

डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकाराने 1989 मध्ये इव्हेंजेलिकल पंथाच्या चार खुणा सांगितल्या: मनपरिवर्तन, बायबलला सर्वोच्च मान, वधस्तंभ केंद्रस्थानी, आणि श्रद्धेप्रमाणे कृती, त्यात इतरांना सुवार्ता सांगणं आलंच. आजींनी दारात तुमचा हात धरून विचारलं ती चौथी खूण. ‘इव्हेंजेलिकल’ या शब्दाच्या मुळाशी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थच चांगली बातमी, आपल्या मराठीत सुवार्ता. पश्चिम खानदेशात ही परंपरा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी रुजवली, आणि आता ती इथल्याच लोकांच्या बोलीत राहते.

‘मोक्ष’ का नाही म्हणत, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. मोक्षात सुटका आहे, जन्ममरणाच्या फेऱ्यातून. तारणात तारणारा आहे. मोक्ष म्हटला की सोडवणारा कोण हे सांगायची गरज पडत नाही. तारण म्हटल्याबरोबर ‘कोणी तारलं?’ हे विचारावंच लागतं, आणि या मंडळ्यांना नेमकं तेच सांगायचं असतं. हिंदी बायबलमध्ये ‘उद्धार’ आहे, म्हणजे वर उचलणं. तोही सुंदर शब्द, पण त्यात नदी नाही. गुजरातीत मात्र आपल्यासारखंच ‘तारण’. गंमत म्हणजे गुजरातीत त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ निष्कर्ष असाही आहे, त्यामुळे नवापूरच्या पलीकडे कुणी अहवालाचं ‘तारण’ विचारलं तर गोंधळू नका.

आणि तुमचं कर्जाकडे लक्ष गेलं त्यात चूक काही नाही. बायबलची मराठी देण्याघेण्याच्या शब्दांनी भरलेली आहे. प्रभूच्या प्रार्थनेत पापांना ऋण म्हटलंय. ‘आमची ऋणे आम्हांस सोड.’ येशूने आपला प्राण दिला तो ‘खंडणी’ म्हणून. पवित्र आत्म्याला ‘विसार’ म्हटलंय, तोच विसार जो आपण जमिनीच्या सौद्यात देतो: पूर्ण रक्कम येणार याची खूण म्हणून आधी हातावर ठेवलेले पैसे. ज्याने कधी विसारपावती केली आहे त्याला त्या ओळीचा अर्थ पुस्तकी पंडितापेक्षा लवकर कळेल.

दोन अर्थांत गोंधळ होऊ नये म्हणून क्रियापदावर लक्ष ठेवा. तारण ‘ठेवलं’, ‘दिलं’, ‘घेतलं’, ‘सोडवलं’ की ते कचेरीचं. तारण ‘झालं’ की ते आजींचं. पतसंस्थेत कुणाचं ‘तारण झालं’ असं म्हणत नाहीत, आणि प्रार्थनेत कुणी तारण ‘ठेवत’ नाही.

उत्तर काय द्यायला हवं होतं, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. ते शब्दकोशात नाही. पण त्यांनी ‘जेवण झालं का?’ जितक्या मायेने विचारलं असेल तितक्याच मायेने हेही विचारलं, एवढं नक्की. पुन्हा गेलात तर त्यांचं तारण कुठल्या साली झालं ते विचारा. त्या बसवून घेऊन सगळं सांगतील.