अभ्यासाला बसलं की बाळ, बाळाजवळ असलं की अभ्यास

"मॅडम, पुस्तक उघडलं की बाळ डोळ्यांसमोर येतं, आणि बाळाला घेतलं की राहिलेला पोर्शन. माझं धड काहीच होत नाही." शब्द थोडेफार बदलतात, पण हे गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुली अलीकडे वाढल्या आहेत. पदवी हातात पडायच्या आधीच लग्न होतं, 'पुढे शिकवू' असा शब्द सासरचे देतात, बऱ्याचदा पाळतातही, आणि मध्येच दिवस राहतात. बहुतेकींना माझ्याकडून वेळापत्रक हवं असतं. पहिल्या भेटीत मी ते देत नाही.

रेवतीचंच सांगते (नाव आणि काही तपशील बदलले आहेत). बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय केमिस्ट्री. मुलगा सात महिन्यांचा. सासर साताऱ्याजवळच्या गावात, कॉलेज साताऱ्यात, रोज एसटीने जा-ये. पहिल्या दिवशी ती बराच वेळ रडली आणि मग तिने एक प्रसंग सांगितला. प्रॅक्टिकलला टायट्रेशन चालू होतं. कुणाचा तरी फोन वाजला, रिंगटोन लहान बाळाच्या हसण्याची. तिला एकदम पान्हा फुटला, कुर्ता ओला झाला. ओढणी घट्ट लपेटून तिने ब्युरेटचं रीडिंग घेतलं, ते चुकलं, आणि ती लॅबमधून निघून आली.

"तेव्हाच वाटलं, मी वाईट आई आहे. लेकरू तिकडे, मी इकडे."

"बाळाचा आवाज ऐकला आणि दूध आलं. शरीर त्याचं काम चोख करतंय. यातून तू वाईट आई आहेस हे कसं ठरलं?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. पण भावना अशा एका प्रश्नाने हलत नाहीत, हे मला इतक्या वर्षांत पक्कं ठाऊक झालं आहे. मी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. प्रसंग माणसाला जितका छळतो, त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दल मनात धरलेला हट्टी समज छळतो, हा तिचा गाभा. तो समज शोधायला मी दिवसाच्या बारीकसारीक गोष्टी विचारत जाते.

"घरी कधी पोचतेस?"

"अडीचला. बाळाला पाजते, तो झोपतो. मग दुपटी धुते, भांडी, संध्याकाळची भाजी निवडून ठेवते."

"दुपारची भांडी सासूबाई घासत नाहीत?"

"त्या घासायला घेतात. मी हातातून काढून घेते. सकाळभर त्या बाळाला सांभाळतात, मी आपली कॉलेजला."

"आणि अभ्यास?"

"रात्री अकरानंतर. डोळे मिटतात."

मी विचारलं, "रेवती, तू हे कुणाचं देणं फेडतेयस?"

ती बोलायची थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहणं हे सगळ्यात अवघड काम असतं, आणि मला ते जमतं. खूप वेळाने ती म्हणाली, "माझं शिकणं म्हणजे यांनी केलेले उपकार आहेत, असंच मी धरून चाललेय."

इथे गाठ सुटली. मुलींना अपराधी वाटतं ते बाळामुळे, असं सगळे समजतात, त्या स्वतःही. मला वारंवार दिसलं ते वेगळंच. आपलं शिक्षण ही घराने दिलेली सवलत आहे आणि ती कष्टाने फेडलीच पाहिजे, हा समज बाळाच्या नावाखाली दडून बसतो. मग बाळाची झोप, म्हणजे अभ्यासाचा एकमेव खरा वेळ, त्या फेडीत जातो.

पुढच्या भेटींत आम्ही फक्त एका वाक्याची तयारी केली. रेवतीने ते घरी म्हटलं: "आई, बाळ दुपारी झोपलं की मी अभ्यासाला बसणार आहे, भांडी संध्याकाळी करते." सासूबाई म्हणाल्या, "मग बस की गं. मी कधी नको म्हटलं?"

सगळ्या घरांत इतकं सोपं उत्तर मिळत नाही. तिथे मी नवऱ्याला बोलावून घेते. रात्रीचं एक उठणं आणि सुट्टीच्या दिवशीची सकाळ बापाने पूर्ण सांभाळायची, एवढं तरी ठरवून घेतेच. त्याला 'मदत' म्हणू नये. मूल त्याचंही आहे.

आता वेळापत्रक. तुटक झोपेवर रात्री उशिरा वाचलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून अवघड विषय बाळाच्या दिवसाच्या झोपेत घ्या आणि जर्नल लिहिणं, आकृत्या असली कामं बाकीच्या वेळी करा. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं अन्न सुरू होतं, त्यामुळे कॉलेजचे तास निभावतात. अंगावरचं दूध स्वच्छ भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवलं तर ४ दिवसांपर्यंत चालतं.

हजेरीची भीती वाटत असेल तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. विद्यार्थिनींना प्रसूती रजा, हजेरीत आणि परीक्षेचे फॉर्म भरण्याच्या मुदतीत सवलत देण्यासाठी नियम करा, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलेलं आहे. त्याचा उल्लेख अर्जात जरूर करा. रोज जाणं शक्यच नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशांसाठीच आहे. आणि एखाद्या विषयात एटीकेटी लागली तर लागू द्या. रेवतीचा एक पेपर राहिला, तो तिने पुढच्या सत्रात काढला. सगळे पेपर एकदम निघाले तर छानच, पण निघालेच पाहिजेत हा हट्ट तिने सोडला होता.

एक गोष्ट मात्र वेळापत्रकाने सुटत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं असेल, तर हे प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. घरच्या कुणाला तरी लगेच सांगा, एकट्या राहू नका आणि थेट दवाखाना गाठा. कुणाशी बोलावं हे कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.