गुप्तचर विश्लेषकांबरोबर काम घेण्याआधी

पोरा, व्हीटीयूत, म्हणजे बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात, पीएचडी करता करता असलं काम अंगावर घेतोयस, तर प्रकाशनाचं आधी लेखी ठरव. १९२३चा शासकीय गुपिते कायदा तोंडी आश्वासनाला विचारत नाही. गोपनीय डेटा मागूच नकोस. तशाच धाटणीच्या खुल्या डेटावर पद्धत बसव, विश्लेषक ती त्यांच्याकडच्या डेटावर चालवतील. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात २०१३पासून एनएसए या तिथल्या गुप्तचर संस्थेचे विश्लेषक नि प्राध्यापक एकत्र काम करतात. तेवढी मोकळीक इथे गृहीत धरू नकोस.

खरी गोम आकड्यांत आहे. समज, १० लाख लोकांत १०० संशयित आणि तुझं मॉडेल संशयित नि निरपराध दोघांनाही ओळखण्यात ९९ टक्के अचूक. ९९ संशयित सापडतील, पण सोबत जवळजवळ १०,००० निरपराध अडकतील. हे गणित पहिल्याच बैठकीत फळ्यावर मांड. साहेबलोक नाक मुरडतील, मुरडू देत.

भाषेत मात्र तुझं पारडं जड. 'उद्या बरतीरा की नाही?' (बरतीरा म्हणजे येताय) असा मराठी-कन्नड मेसेज, तोही रोमन लिपीत, भाषा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला सहज चकवतो. असले नमुने परवानगी घेऊनच जमव. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरून गुपचूप उचललेस आणि ते गल्लीत कळलं, तर टिळकवाडीत तुला कोण दारात उभं करणार नाही.